वाटेवरची चित्रशाळा

प्रवासास निघालेला मराठी माणूस देवदर्शन चुकवीत नाही, जवळचा किल्ला चुकवीत नाही आणि गावची प्रसिद्ध मिठाई तर मुळीच चुकवीत नाही. चुकते ते बहुधा त्या गावातील संग्रहालय. मुंबई-दिल्लीची मोठी संग्रहालये आपण आवर्जून पाहतो. लहान गावी मात्र ‘पुढच्या खेपेस पाहू’ म्हणून पुढे निघतो. ती पुढची खेप क्वचितच येते. अशा ठिकाणी काय पाहावे आणि कसे पाहावे, याचा आज थोडा विचार करू.

सातारा जिल्ह्यातील औंधचे उदाहरण घ्या. यमाईच्या दर्शनासाठी भाविक ज्या डोंगरावर चढतात, त्याच डोंगराच्या मध्यावर श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. त्यांचे चित्ररामायण १९१६ साली प्रसिद्ध झाले. राजा रविवर्मा व धुरंधर यांची चित्रे येथे आहेत. पहाडी शैलीची नाजूक लघुचित्रे आहेत. आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे ‘माता व बालक’ हे पाषाणशिल्पही आहे. युरोपातील नामांकित चित्रांच्या नकला पाहून मात्र काही जण नाक मुरडतात. तसे करू नये. ज्या काळी सामान्य विद्यार्थ्यास विलायतेस जाणे अशक्यप्राय होते, त्या काळी त्या नकला म्हणजे एक शाळाच होती. मोठ्या संग्रहालयात अनेकांच्या निवडी एकत्र आलेल्या असतात. येथे एका रसिकाची आवड व त्याचा हेतू दालनादालनांतून स्पष्ट दिसतो.

दुसरे उदाहरण वडोदऱ्याचे. सयाजीबागेत संध्याकाळी फिरावयास जाणारी कित्येक कुटुंबे बागेतल्याच संग्रहालयाची पायरी चढत नाहीत. सयाजीराव महाराजांनी स्थापिलेले हे संग्रहालय १८९४ सालचे. त्याला जोडून चित्रशाळेची वास्तू १९१४ साली पुरी झाली. पण तोच महायुद्ध पेटले, युरोपात खरेदी केलेली चित्रे वेळेवर येऊ शकली नाहीत आणि चित्रशाळा उघडण्यास १९२१ साल उजाडले. तथापि विलायती चित्रांहूनही अधिक वेळ द्यावा तो अकोट्याच्या जैन धातुमूर्तींना. अकोटा हे पूर्वी शहरालगतचे गाव. आज ते शहराचाच भाग आहे. तेथील जीवंतस्वामींच्या मूर्तीत महावीर दीक्षेपूर्वीच्या राजपुत्राच्या वेषात, मुकुट व अलंकार धारण करून उभे आहेत. ज्या भूमीतून ही मूर्ती निघाली, त्याच भूमीवर ती पाहावयास मिळणे, हे भाग्य दूरच्या राजधानीतील काचेच्या कपाटापुढे लाभत नाही.

आता पाहण्याची रीत. संग्रहालयाचा सुटीचा वार व वेळ आधी विचारून घ्यावी. पुष्कळांचा हिरमोड बंद दारापाशीच होतो. आत गेल्यावर प्रथम सारी दालने एकदा नुसती फिरून पाहावीत. मग मनात राहिलेल्या चार-पाच वस्तूंकडे परतावे आणि प्रत्येकीपुढे निदान पाच मिनिटे थांबावे. आधी वस्तू पाहावी, नंतर चिठ्ठी वाचावी; उलट केल्यास डोळे चिठ्ठीतले तेवढेच शोधतात. बरोबर मुले असतील तर त्यांना सनावळ्या सांगत बसू नये. चित्रात काय चालले आहे, ते त्यांनाच सांगू द्यावे. तेथील रखवालदाराशी आदराने दोन शब्द बोलावे. वर्षानुवर्षे त्या चित्रांच्या सहवासात राहिलेला तो माणूस पुष्कळदा चिठ्ठीवर नसलेली गोष्ट सांगतो.

आणि निघताना अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी अवश्य लिहाव्यात. हा केवळ उपचार नव्हे. जेथे कोणी येत नाही, तेथील गळते छप्पर दुरुस्त करण्याची निकड कोणास भासत नाही. ओल चित्रापर्यंत पोहोचते आणि गेलेला रंग पुन्हा मिळत नाही. संग्रहालय उभारणारे गेले. ते टिकविण्याचे काम आता पाहणाऱ्यांकडे आले आहे.

यमाईचा डोंगर पुढच्या वेळी चढाल, तेव्हा मध्यावर घटकाभर थांबा. देवीचे दर्शन थोडे उशिरा झाले, म्हणून ती रागावणार नाही.