कोळशाच्या धाग्यांत सांठविलेली वीज

देवापुढें तेवणाऱ्या समईकडे पाहतांना आपलें लक्ष ज्योतीकडे जातें. वातीकडे सहसा कोणी पाहत नाहीं. परंतु तेल वर चढतें तें वातीच्या धाग्यांमधील सूक्ष्म फटींमुळेंच. धाग्यांच्या अशाच बारकाव्याचा उपयोग आज शास्त्रज्ञ वीज सांठविण्यासाठीं करीत आहेत; मात्र हे धागे कापसाचे नव्हत, तर कोळशाचे. कोळशाचा धागा विजेस अपरिचित नाहीं. १८७९ सालीं एडिसननें कापसाचा दोरा भाजून त्याचा कोळसा केला व तो आपल्या दिव्यांत बसविला. तेव्हां त्या धाग्यानें विजेचा प्रकाश केला. आतां त्यानें वीज सांभाळावी अशी अपेक्षा आहे.

ज्या साधनांत हें काम चालतें त्यास सुपरकपॅसिटर म्हणतात. नेहमींच्या बॅटरींत वीज सांठवितांना पदार्थांत रासायनिक बदल घडतो. म्हणून ती भरण्यास वेळ लागतो, आणि त्याच घडामोडींनीं ती हळूहळू झिजते. सुपरकपॅसिटरमध्यें क्षाराच्या द्रावणांत कोळशाचे दोन इलेक्ट्रोड असतात. वीज देतांच द्रावणांतील धन आयन ऋण इलेक्ट्रोडपाशीं व ऋण आयन धन इलेक्ट्रोडपाशीं गोळा होतात. पंगतीस पाहुणे बसावे आणि जेवण होतांच उठावे, तसे हे आयन येतात व जातात. पाटाचें स्वरूप कांहीं बदलत नाहीं. पृष्ठभागावरील या दुहेरी थराची कल्पना हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें १८५३ मध्यें मांडली होती. तिचा व्यवहारांत उपयोग करणारें, सच्छिद्र कोळशाच्या इलेक्ट्रोडचें पेटंट अमेरिकेंत जनरल इलेक्ट्रिकच्या बेकर यांस १९५७ सालीं मिळालें.

पाहुणे अधिक हवे तर पाटही अधिक हवेत. म्हणजे पृष्ठभाग मोठा हवा. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्यें १००० ते २००० चौरस मीटर पृष्ठभाग छिद्रांच्या रूपानें दडलेला असतो! आपण नारळ खवून फेकून देतों त्या करवंटीपासूनही असा कोळसा करतात, आणि बाजारांतील पुष्कळ सुपरकपॅसिटरांत तोच असतो.

मग धाग्यांचा खटाटोप कशासाठीं? कोळशाची पूड इलेक्ट्रोडवर थापावयाची तर तींत चिकटा घालावा लागतो. तो वीज सांठवीत नाहीं, उलट कांहीं छिद्रें बुजवितो. शिवाय कणाच्या पोटांतील छिद्र जुन्या वाड्याच्या माजघरामागील कोठडीप्रमाणें असतें. तेथें पोंचावयास आयनास अनेक दालनें ओलांडावीं लागतात. सच्छिद्र तंतूची रचना चाळीसारखी आहे: प्रत्येक खोलीचें दार थेट गॅलरींत उघडतें. त्यामुळें ये-जा जलद होते. तंतु अखंड असल्यानें वीज त्यांतून सलग वाहते, आणि तंतूंचें विणलेलें कापड चिकट्यावांचून स्वतःच इलेक्ट्रोड होऊं शकतें.

हे तंतु बहुधा पॉलिअॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून करतात. प्रथम हवेंत २०० ते ३०० अंश सेल्सिअस तापवून ते न वितळतील असे करावयाचे, मग नायट्रोजन वायूंत सुमारें १००० अंशांवर त्यांचा कोळसा करावयाचा, आणि शेवटीं वाफेनें किंवा कार्बन डायॉक्साइडनें त्यांस छिद्रें पाडावयाचीं. खरी अडचण येथेंच आहे. विमानांत वापरतात तो कणखर कार्बन-तंतु गुळगुळीत असतो. त्यांत वीज फारशी सांठत नाहीं. छिद्रें पाडावीं तर तंतु ठिसूळ होतो. छिद्रें किती मोठीं असावीं हाही प्रश्नच होता. अतिशय अरुंद छिद्रांचा उपयोग नाहीं असा समज असे. परंतु एक नॅनोमीटरहून लहान छिद्रांत सांठा उलट वाढतो असें २००६ सालीं प्रयोगांनीं दाखविलें. आयन तेथें शिरतांना आपल्या भोंवतालचें द्रावकाचें वेष्टण बाहेर ठेवून जातो!

आतां हिशेबाचें बोलूं. बाजारांतील सुपरकपॅसिटर किलोग्रॅममागें सुमारें ५ ते १० वॉट-तास ऊर्जा धरतो, तर लिथियम बॅटरी १५० ते २५०. शिवाय त्यांतील वीज पडल्या पडल्या झिरपून जाते. पण तो कांहीं सेकंदांत भरतो आणि लाखों वेळां भरला-रिकामा केला तरी टिकतो. म्हणून शांघायमध्यें २००६ पासून थांब्या-थांब्यावर वीज भरून घेणाऱ्या बसगाड्या धांवूं लागल्या. पवनचक्कीचीं पातीं वळविण्यासही तो उपयोगी पडतो.

यास्तव ‘क्षणांत भरणारी, बॅटरीस हद्दपार करणारी’ अशी जाहिरात दिसली तर सुज्ञ वाचकानें एकच प्रश्न विचारावा: हा आंकडा नुसत्या कोळशाच्या वजनावर आहे, कीं द्रावण व वेष्टण धरून साऱ्या वस्तूच्या? पातळशा पापुद्र्यावर मिळालेला मोठा आंकडा पुरी वस्तु तोलतांच पुष्कळदां लहान होतो. बुधल्याचें काम वातीनें करावें असा हट्ट आपण धरीत नाहीं. बुधला तेल सांठवितो, वात तें वेळेवर ज्योतीस पोंचविते. बॅटरी आणि हे कोळशाचे धागे यांचें नातें तेंच आहे.