प्रेक्षकाचा कौल घेतला की झालं एपिक नाटक?

जर्मन नाटककार ब्रेख्तची एपिक रंगभूमी म्हटलं की निवेदक, गाणी, फलक आणि प्रेक्षकांशी थेट बोलणारा नट डोळ्यांसमोर येतो. ‘अजब न्याय वर्तुळाचा’ आणि ‘तीन पैशाचा तमाशा’ या त्याच्या नाटकांच्या रूपांतरांमुळे मराठी प्रेक्षकालाही या खुणा ओळखीच्या आहेत. ब्रेख्तचा हेतू मात्र या खुणांच्या पलीकडचा होता: समोर घडतंय ते अटळ नाही, परिस्थितीने तसं घडवलंय आणि म्हणून ते बदलता येईल, हे प्रेक्षकाला दिसावं. आजची जर्मन नाटकं याच कसोटीवर तपासायला हवीत.

फर्डिनांड फॉन शिराख यांचं ‘टेरर’ ३ ऑक्टोबर २०१५ रोजी बर्लिन आणि फ्रँकफर्टमध्ये एकाच दिवशी रंगमंचावर आलं. अपहरण झालेलं, १६४ जणांचं विमान ७० हजार लोकांनी भरलेल्या स्टेडियमकडे निघालेलं असताना हवाई दलाचा मेजर लार्स कोख हुकूम मोडून ते पाडतो. त्याच्यावर खटला चालतो आणि तो दोषी की निर्दोष, हे प्रेक्षक ठरवतात. २०१६ साली नाटकाचं रूपांतर टीव्हीवर दाखवलं, तेव्हा सुमारे ८७ टक्के जर्मन प्रेक्षकांनी त्याला निर्दोष ठरवलं. वरवर पाहता ब्रेख्तला हवा होता तसाच हा विचार करणारा प्रेक्षक. पण स्टेडियम वेळेत रिकामं का केलं नाही, हा सरकारी वकिलांचा प्रश्न कौलात येतच नाही. व्यवस्था मोकळी सुटते, निवाडा एका माणसाचा होतो.

रोलांड शिमेलफेनिग यांचं ‘द गोल्डन ड्रॅगन’ (व्हिएन्ना, २००९) कौल मागत नाही. पाच नट सगळ्या भूमिका करतात. तरुण म्हातारे होतात, पुरुष बायका होतात, रंगसूचनाही मोठ्याने बोलल्या जातात. हॉटेलात राबणाऱ्या चिनी पोराचा दात ठणकतो. कागदपत्रं नाहीत म्हणून डॉक्टर नाही. सोबतचे लोक पाइप पान्याने दात उपटतात आणि तो रक्तस्रावाने मरतो. नट भूमिकेपासून असा अलिप्त राहिला की भावना मरते, असा एक आक्षेप असतो. इथे हळहळ उरतेच, फक्त तिच्यासोबत ‘कागदपत्रं का नाहीत?’ हा प्रश्नही उभा राहतो. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. याच नाटकाच्या ऑपेरात आशियाई पात्रं गोऱ्या कलावंतांनी केल्यावरून टीका झाली आणि २०१७ साली लंडनच्या हॅकनी एम्पायरने प्रयोग रद्द केला. टीका रास्त होती. नट आणि भूमिका यांच्यातलं अंतर दाखवायचं, तर कोणाच्या जागी कोण उभं आहे, हेही प्रयोगाने उघड मांडायला हवं. एवढी जबाबदारी घेतली तरच हे तंत्र ब्रेख्तचं. नाहीतर ती नुसती शैली.