बिननावाचे शूर

मुलांनो, मी शाळेत असताना आमच्या दिवेआगरला एका पडक्या भिंतीची सगळ्या मुलींना धास्ती होती. कुणी पहिला नंबर काढला, की दुसऱ्या दिवशी भिंतीवर तिच्याबद्दल कोळशाने काहीबाही लिहिलेलं असायचं. लिहिणारा कधी सापडला नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आमच्या पोफळीच्या वाड्या झोपवल्या. शाळा करोनामुळे बंदच होत्या. अभ्यासासाठी म्हणून मोबाईल हाती आला, तो हातातच राहिला. आणि ती भिंतही त्यात शिरली!

गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीचा कबड्डी खेळतानाचा फोटो कुणीतरी नेटवर टाकला. त्याखाली घाणेरडं लिहिणारा निघाला तिच्याच वर्गातला, अगदी गरीब स्वभावाचा मुलगा. "का रे लिहिलंस?" तर म्हणाला, "बाई, तिथे सगळे हसतात. वर्गात माझ्याशी कुणी बोलतच नाही."

पोरखेळ वाटतो ना? मग हे ऐका. १ जानेवारी २०२२ ला एका ॲपवर मुसलमान स्त्रियांचे फोटो लावून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडला गेला. फोटो त्यांना न विचारता उचललेले! मुंबईच्या सायबर पोलिसांनी आठवडाभरात पकडलेल्यांत बंगळूरचा २१ वर्षांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता आणि उत्तराखंडची १८ वर्षांची मुलगी. (हो, मुलगीसुद्धा!) ॲप बनवल्याचा आरोप असलेला मुलगा दिल्ली पोलिसांना आसामात सापडला. तोही विशीतलाच. त्याआधी जुलै २०२१ मध्ये असाच प्रकार झाला, तेव्हा त्या फोटोंत विमान चालवणारी एक ताई होती. ती गप्प बसली नाही. सरळ पोलिसांत गेली.

मुलींनो, असं काही दिसलं तर पुसून टाकू नका. पडद्याचा फोटो काढून ठेवा, मोठ्यांना दाखवा. १०९८ हा मुलांच्या मदतीचाच नंबर आहे. आणि पालकांनो, मुलगा रात्र-रात्र मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसत असेल, तर तो हिसकावण्याआधी "आज कुणाशी बोललास?" एवढं विचारा. मन फारच कोमेजलेलं दिसलं तर टेली-मानसचा १४४१६ हा फोन फुकट आहे.

आमचा तो मुलगा आता कबड्डीचे गुण लिहितो. त्याने त्या मुलीची सगळ्या वर्गासमोर माफी मागितली. तिने ती अजून दिलेली नाही. मीही तिला घाई करत नाही.