पुणे ते तंजावर, सरळ रेषेत

तंजावरच्या राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालयाबाहेर सावलीला टेकलो होतो. शेजारी एक आजोबा. व्यंकोजीराजांनी १६७०च्या दशकात इथं राज्य मांडल्यानंतर जी मराठी घराणी इथलीच झाली, त्यांपैकी एकातले. “पुणं किती लांब?” त्यांनी विचारलं. मी फोन बघून ऐटीत सांगितलं, “विमानानं एक हजार तीस किलोमीटर.”

“आणि विमान उतरतं कुठं?”

प्रश्न बिनतोड होता. पण आधी ते हजार तीस आले कुठून, ते पाहू.

पुणे १८.५२ अंश उत्तरेला, तंजावर १०.७९. फरक ७.७३ अंशांचा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर ८५८. रेखांशांतला फरक ५.२८ अंश; पण रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे या पट्ट्यात एक अंश एकशे साडेसात किलोमीटरच भरतो. म्हणजे पूर्व-पश्चिम ५६८. आता शाळेतला काटकोन त्रिकोण काढा, कर्ण येतो सुमारे १,०३०. लांबच्या शहरांना ही युक्ती चालत नाही. तिथं पृथ्वीची गोलाई हिशेबात घ्यावी लागते.

तो १११चा आकडा फुकट मिळालेला नाही. अंशाची लांबी मोजायला ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लँब्टननं १८०२मध्ये मद्रासजवळ पायारेषा आखली आणि त्रिकोणांमागून त्रिकोण जोडत तो निघाला. कावेरीचा हा मुलूख सपाट, वर नारळीची दाटी. डोंगर नाही तर नजर पोचणार कशी? म्हणून त्यानं देवळांचे कळस गाठले. १८०८ साली इथल्या बृहदीश्वराच्या शिखरावर अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि त्याचं अंशचक्र वाकलं. गड्यानं ते आठवडेच्या आठवडे खपून स्वतःच्या हातानं सरळ केलं. राजवाड्यापासून ते देऊळ चालत जाण्याइतकं जवळ आहे. गेलात तर मान वर करून बघाच.

आता वेळ. जेट विमान वर गेल्यावर ताशी आठशेच्या आसपास धावतं. पण धावपट्टीपर्यंत रांगणं, चढणं, उतरणीची रांग, आणि दहा हजार फुटांखाली वेगावर असलेली मर्यादा. यासाठी अर्धा तास वेगळा धरायचा. हजार तीसला आठशेनं भागून अर्धा तास मिळवा : पावणेदोन तास.

हे पावणेदोन तास कागदावरचे. तंजावरला वायुदलाचा तळ आहे, पण आपल्याला तिरुचिरापल्ली गाठावी लागते. मी चेन्नईमार्गे गेलो. पुणे-चेन्नई ९१० किलोमीटर, चेन्नई-तिरुची २९०. हवेतच बाराशे झाले, म्हणजे सडकेनं जेवढं पडतं त्याच्या जवळपास! पुढं पन्नासेक किलोमीटर टॅक्सी. पहाटे पाचला घर सोडलं, राजवाड्याच्या दारात अडीच वाजले. त्यातले विमानात पावणेतीन तास. चेन्नईत मात्र तीन तास नुसती इडली-कॉफी.

जाणार असाल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर काढा. पहिलं रखडलं आणि दुसरं चुकलं, तर पुढची सोय करणं कंपनीच्या गळ्यात पडतं. वेगवेगळी काढलीत तर तुमच्या.