निळे फूल गुलाबी का झाले?



महाबळेश्वरला गेलेला माणूस येताना मध आणतो, स्ट्रॉबेरी आणतो आणि घरच्या मंडळींनी धरलेच तर निळ्या गुच्छाचे एखादे रोपही आणतो. ते हायड्रेंजिया. झाड मूळचे जपानचे. आम्हीही आणले. कुंडीत मळ्यातली काळी माती भरली, विहिरीचे पाणी घातले. पुढच्या हंगामात फुले आली ती गुलाबी! मग पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. आम्ही चिमूटभर युरिया टाकला. रोप गेले.

चूक आमची होती. या फुलाचा रंग मातीवर ठरतो. सामू ५.५ च्या खाली, म्हणजे माती आम्ल असली, की तीतले ॲल्युमिनियम विरघळून झाडाला मिळते आणि फूल निळे होते. सामू साडेसहाच्या वर गेला की तेच फूल गुलाबी. पांढऱ्या जाती मात्र बदलत नाहीत. महाबळेश्वरची जांभा माती आम्ल, आपली काळी चुनखडीची.

आता लावायचे तर असे लावा. कुंडीत तांबडी माती, पालापाचोळ्याचे खत आणि थोडी वाळू भरावी. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी सावली असावी. ओल कायम हवी, पण पाणी साचू नये. पावसाचे पाणी साठवून घातले तर उत्तम. निळा रंग हवा असेल तर सुपर फॉस्फेट टाकू नये. फुले सरली की लगेच छाटणी करावी. उशिरा छाटाल तर पुढच्या फुलांचे डोळेच जातील. पाने विषारी असतात, तेव्हा शेळ्या-वासरांपासून कुंडी लांब ठेवा.

आणि हो, आमची कुंडीतली चूक उसाच्या फडातही होते. चुनखडीच्या रानात ऊस केवड्याने पिवळा पडतो, आणि आपण युरियाचे पोते फोडतो. तिथे लोह मातीत असते, पण पिकाला मिळत नाही. अशा वेळी शेणखतात मुरवलेले हिराकस कामी येते, युरिया नव्हे.

कुंडीतले रोप गेले, थोडक्यात निभावले. एकरभर ऊस गेला तर वर्ष जाते. म्हणून लागणीआधी मातीचा नमुना तपासून घ्या. आपल्या रानात काही निळी-गुलाबी फुले लागत नाहीत. मातीचे दुखणे तपासल्याशिवाय कळायचे नाही.