विश्लेषण : ‘आम्ही ठाकर ठाकर’ हे लोकगीत आहे का?

कर्जत-खालापुरातल्या शाळेचं स्नेहसंमेलन असो की आदिवासी दिनाचा कार्यक्रम, ‘आम्ही ठाकर ठाकर’वरचा नाच ठरलेला. निवेदक सांगतो, ‘आता सादर होत आहे आदिवासी लोकगीत.’ माथेरानच्या डोंगराखाली ठाकरांच्या वाड्याच वाड्या, त्यामुळे ते कुणाला खटकत नाही. पण हे लोकगीत नाही.

मग गाणं कुणाचं?

कवी ना. धों. महानोर यांचं. लिंगोबाच्या डोंगराखालच्या ठाकरांवर गो. नी. दांडेकरांनी कादंबरी लिहिली. तिच्यावर जब्बार पटेल यांनी १९७७ साली ‘जैत रे जैत’ हा चित्रपट केला. त्यातली गाणी महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. महानोर मूळचे मराठवाड्यातल्या पळसखेड्याचे शेतकरी. गाणं लोकांच्या तोंडी इतकं बसलं की कवीचं नावच गळून पडलं. कवीला यापेक्षा मोठी पावती कोणती, असं म्हणता येईल. पण पत्रिकेवर नाव छापायला शाईही फारशी लागत नाही.

इंग्लंडमधल्या ‘स्कारबरो फेअर’चं नेमकं उलट झालं. ते पिढ्यान्‌पिढ्या गायलं गेलेलं खरंखुरं लोकगीत. पॉल सायमन यांनी ते लंडनमध्ये मार्टिन कार्थी या गायकाकडून घेतलं. १९६६च्या ध्वनिमुद्रिकेवर श्रेय सायमन आणि गारफंकेल यांचं. परंपरेचा उल्लेख नाही, कार्थींचाही नाही. कार्थींच्या मनात तो सल बरीच वर्षं होता.

नावाने फरक काय पडतो?

महानोर ३ ऑगस्ट २०२३ रोजी गेले. कायद्यानुसार त्यांच्या शब्दांवरचा स्वामित्व हक्क २०८३ अखेरपर्यंत टिकतो. लोकगीताला कर्ताच माहीत नसतो, त्यामुळे असा हक्क कुणाकडेच नसतो. मात्र कुणी ते ध्वनिमुद्रित केलं की त्या मुद्रणाचा हक्क निर्मात्याला मिळतो. गाणाऱ्या बाईलाही सादरकर्ती म्हणून हक्क आहे. पण तिचं नावच नोंदलं नसेल तर तो कागदावरच राहतो.

ठाकरांची स्वतःची गाणी?

ती आहेत. ठाकरी बोलीतली, लग्नातली, सणावारांची, ढोलावरच्या नाचाची. बहुतेक तोंडीच चालत आलेली, म्हणून गाणारा माणूस गेला की गाणंही जातं. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ती ठाकरांचीच वाडी. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. त्यांच्यापैकी कोणाला किती गाणी येत होती, याची वही कुणी ठेवली नव्हती.

आता फोन घरोघरी आहे. आजी गायला बसली तर आधी तिला विचारावं, मग रेकॉर्डिंग सुरू करून तिचं नाव, वाडी आणि तारीख तिच्याच तोंडून वदवून घ्यावी. गाणं त्यानंतर.