छप्पन अंशांचं नागपूर आणि शाळेचं मैदान

"३६ म्हणजे नागपुरात काय बे, थंडीच म्हणायची!"

हे ज्ञान पाजळणारा मीच. जूनचा शेवटचा आठवडा होता. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात. तशी शाळा नुकतीच उघडली होती आणि एका शाळेच्या खो-खोच्या पोरांचा सराव घ्यायला मी दुपारी चार वाजता मैदानावर हजर. (शाळेत असताना मी बरा खेळायचो, विश्वास ठेवा!) रात्री पाऊस पडून गेलेला, सकाळपासून कडक ऊन. मोबाईलवर तापमान ३६. महिन्यापूर्वी ४५ सोसलेल्या माणसाला ३६ चं काय कौतुक? पोरांना मैदानाच्या आठ फेऱ्या मारायला लावल्या.

सहाव्या फेरीला नववीतला एक मुलगा वाकडातिकडा पळायला लागला. "काय रे, थकला का?" म्हणून विचारलं, तर म्हणतो, "दादा, टॉस कोणी जिंकला?" टॉस वगैरे काही नव्हताच. आम्ही त्याला कडुलिंबाखाली बसवलं, ग्लुकोजचं पाणी पाजायला लागलो आणि ऑटो शोधत बसलो. पीटीचे सर धावत आले आणि त्यांनी बादलीभर पाणी त्याच्या अंगावर ओतलं, तेव्हा कुठे तो जरा भानावर आला. दोन दिवस दवाखान्यात राहून मुलगा सुखरूप घरी गेला. पण डॉक्टरांनी मला सुनावलं ते अजून कानात आहे : "असंबद्ध बोलायला लागला म्हणजे उष्माघात. आधी थंड करायचं, मग दवाखान्यात न्यायचं. आणि ३६ मध्ये होत नाही असं तुला कोणी सांगितलं?"

मित्रांनो, हा लेख त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

उत्तर आपल्या होस्टेलच्या खोलीतच आहे. आपला कूलर मे महिन्यात कसा मस्त चालतो! बाहेर ४५ असलं तरी रात्री चादर लागते. आणि जुलैत? तोच कूलर, तेच पाणी, तोच पंखा, पण खोलीत नुसता दमटपणा. कारण कूलर थंडावा देतो तो पाण्याची वाफ होताना. हवेत आधीच ओलावा असला तर वाफ होत नाही. आपलं शरीर म्हणजे असाच एक कूलर. घामाने अंग ओलं होऊन उपयोग नाही, तो घाम वाळला पाहिजे. ज्या दिवशी कूलर चालत नाही, त्या दिवशी पळणाऱ्या पोराचं शरीरही नीट थंड होत नाही. त्यातून महिना-दीड महिना घरी बसलेलं शरीर एकदम पळवायचं! उन्हाची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

म्हणजे नुसता थर्मामीटर पुरत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात भर दुपारी उघड्या मैदानावर बसलेल्या १४ जणांचा उष्माघाताने जीव गेला. तापमान होतं ३८ च्या आसपास. आपण नागपूरकर ३८ ला हसतो. पण तिथे समुद्राकाठची दमट हवा होती, डोक्यावर ऊन होतं आणि लोक तासन् तास बसून होते. ती माणसं नुसती बसली होती, आपली पोरं तर पळत असतात.

यावर १९५० च्या दशकात अमेरिकेत एक उपाय निघाला. मरीन सैनिकांचे नवे रंगरूट प्रशिक्षणात उन्हाने कोसळत होते, म्हणून 'वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर' हे माप आलं. यात तीन थर्मामीटर असतात. एकाला ओली वात गुंडाळलेली, म्हणजे घाम किती वाळेल ते कळतं. दुसरा काळ्या गोळ्याच्या आत, म्हणजे ऊन किती भाजतंय ते कळतं. तिसरा सावलीतला, साधा. गणित सोपं आहे : ओल्याचे ७० टक्के, काळ्या गोळ्याचे २० टक्के आणि साध्याचे १० टक्के, की झाली बेरीज.

आता समजा मे महिन्याची कोरडी दुपार आहे. साधा ४५, ओला २५, गोळा ६०. बेरीज येते ३४. आणि समजा जूनची पावसानंतरची दुपार आहे. साधा ३६, ओला २९, गोळा ५०. बेरीज ३३.९! म्हणजे शरीराच्या हिशेबाने दोन्ही दुपारी जवळपास सारख्याच. ज्या ४५ मध्ये मी कोणाला मैदानावर पाय ठेवू दिला नसता, त्याच तोडीच्या दिवशी मी आठ फेऱ्या मारायला लावल्या होत्या. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात शाळांच्या खेळांना २०१२ पासून नियम आहे की हे माप ९२ फॅरेनहाइटच्या, म्हणजे साधारण ३३.३ सेल्सिअसच्या वर गेलं की मैदानावरचा सराव बंद. आपल्याकडची पोरं उन्हाला सरावलेली म्हणून आकडा थोडा इकडे-तिकडे होईल, तो डॉक्टरांना विचारून ठरवावा. पण आकडा ठरलेला हवा.

असं यंत्र बनवणं आपल्याला जड नाही. टेबल टेनिसचा चेंडू काळा रंगवून त्यात तापमानाचा सेन्सर, एक पांढरी झापांची पेटी, आर्द्रतेचा एक सेन्सर, स्वस्तातला मायक्रोकंट्रोलर, हिरवा-पिवळा-लाल दिवा आणि भोंगा. मोठ्या तांब्याच्या गोळ्याइतकं ते अचूक नसेल, पण मोबाईलवरच्या शहराच्या तापमानापेक्षा नक्कीच बरं. कारण ते त्याच मैदानावरचं माप आहे. इथपर्यंत आलो तेव्हा मला वाटलं, झालं काम!

पण यंत्रावर किती विश्वास ठेवायचा, हे नागपूरनेच जगाला दाखवलंय. ३० मे २०२४ रोजी रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतावरच्या स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले. देशभर बातमी झाली. आणि नागपुरातल्याच दुसऱ्या स्वयंचलित केंद्रावर त्या दिवशी ४४ च्या आसपास होतं! हवामान खात्याने खुलासा केला, सेन्सर बिघडलाय. आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९ नोंदले गेले होते, तिथेही सेन्सर ३ अंश जास्त दाखवत असल्याचं तपासणीत निघालं.

हसू नका, यात आपल्यासाठी मोठा धडा आहे. जास्त दाखवणाऱ्या सेन्सरने एक दिवसाचा खेळ बुडेल, पण दोनदा खोटा भोंगा वाजला की तिसऱ्यांदा कोणी ऐकणार नाही. कमी दाखवणाऱ्या सेन्सरने तर पोरगं जाईल. म्हणून सेन्सर एक नको, तीन हवेत आणि तिघांतला मधला आकडा धरायचा. एक वेडा झाला तरी बाकीचे दोघे सांभाळतात. आकडा एका मिनिटात पाच-सात अंशांनी उडाला तर तो मोजायचा नाही, तपासायचा. सोनेगावच्या वेधशाळेच्या आकड्याशी रोज ताडून बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वायर तुटली, बॅटरी संपली, तर दिवा हिरवा राहता कामा नये. गप्प बसलेलं यंत्र म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरलं की घात झालाच.

उन्हाचं हे झालं. विजेचं गणित आणखी कठीण, कारण तिथे वेळच मिळत नाही. आपल्या देशात वीज पडून दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 'दामिनी' हे ॲप केलंय, ते आपल्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडली की सांगतं. ते पीटीच्या सरांच्या मोबाईलवर हवंच. नेटवर्क गेलं तर जुना हिशेब आहे : वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंद किंवा कमी, म्हणजे दहा किलोमीटरच्या आत, की मैदान रिकामं. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं परत यायचं नाही. झाडाखाली किंवा मंडपाच्या लोखंडी खांबांजवळ थांबायचं नाही, पक्क्या इमारतीत जायचं. ३ नोव्हेंबर २०२४ रोजी पेरू देशात रेफरीने सामना थांबवला, खेळाडू मैदानाबाहेर चालत निघाले आणि वाटेतच वीज पडून एक फुटबॉलपटू गेला. थांबवलं होतं, पण उशिरा.

'थांबवलं' या शब्दापाशीच माझं घोडं अडलं. मी पीटीच्या सरांना यंत्राची कल्पना सांगितली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "अरे बाबा, दिवा लाल होईल रे. पण तालुक्याची फायनल चालू आहे, पाहुणे व्यासपीठावर बसलेत, तेव्हा सामना थांबवायचं कोणी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो सेन्सरचा प्रश्नच नव्हता. शेवटी सरांनीच मुख्याध्यापकांकडून एका कागदावर तीन ओळी लिहून घेतल्या : लाल दिवा लागला की खेळ थांबेल. थांबवणाऱ्याला कोणी जाब विचारणार नाही. मैदानावर पाण्याने भरलेला मोठा टब आणि बर्फ असेल, आणि कोणी असंबद्ध बोलायला लागला तर त्याला आधी टबात बसवायचं आणि लगेच १०८ ला फोन करायचा. बर्फ मिळतो कोपऱ्यावरच्या रसवंतीवर. निर्णय असा थंड डोक्याने आधीच झालेला असला, की ऐन उन्हात कोणाला धाडस करावं लागत नाही.

आमचं यंत्र आता त्या मैदानाच्या भिंतीवर आहे. एक सेन्सर दोनदा बदलावा लागला. पोरं दिव्याला 'दादाचा सिग्नल' म्हणतात आणि लाल झाला की आनंदाने नाचतात, ते वेगळंच! तो नववीतला मुलगा आता दहावीत आहे, सकाळच्या सरावाला येतो, आणि वात ओली आहे की नाही ते तोच बघतो.

शेवटच्या वर्षाच्या मंडळींनो, प्रोजेक्टला विषय सापडत नाही म्हणून मेसमध्ये रडत बसता ना? नागपुरात शाळांची मैदानं भरपूर आहेत. एक निवडा. फक्त सोल्डरिंग करण्याआधी तिथल्या मुख्याध्यापकांची त्या कागदावर सही घ्या.